नुसते एंटर दाबले तर?

मुलांनो, घरी पाहुणे आले की आपण विचारतो, "चहा टाकतो, की कॉफी घेणार?" पाहुणे काही बोलले नाहीत तर चहा येणार, हे सर्वांना कळते. न सांगता धरल्या जाणाऱ्या अशा उत्तराला संगणकात 'डिफॉल्ट' म्हणतात.

ग्नू ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली लिहायला घेतला. अनेक प्रोग्रॅमर आजही त्यात भर घालतात. पडद्याच्या सर्वांत खालच्या ओळीत तो आपल्याला प्रश्न विचारतो. प्रत्येकाने प्रश्न आपापल्या पद्धतीने लिहिला तर वापरणाऱ्याचा गोंधळ उडेल. म्हणून प्रोग्रॅमरांच्या माहितीपुस्तकात संकेत दिला आहे : आधी प्रश्न, मग कंसात 'डिफॉल्ट' हा शब्द व ते उत्तर, आणि शेवटी अपूर्णविराम. उदाहरणार्थ,

कोणती फाइल (डिफॉल्ट गृहपाठ):

येथे काही न लिहिता एंटर दाबले की 'गृहपाठ' हे उत्तर धरले जाते.

मग ते उत्तर आधीच लिहून का ठेवू नये? कारण ते न विचारता कपात कॉफी ओतून ठेवण्यासारखे झाले! दुसरे काही हवे असेल तर आधी कप रिकामा करावा लागतो. तसाच आधीचा मजकूर खोडत बसावा लागतो. माहितीपुस्तक हा प्रकार शक्यतो टाळायला सांगते. डिफॉल्टमध्येच थोडा बदल करायचा असेल तर आल्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे ते ओळीत येते.

पूर्वी प्रोग्रॅमर हा कंस हाताने लिहीत. कोणी तो अपूर्णविरामानंतर टाकी, कोणी चौकोनी कंस वापरी. २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीत 'फॉर्मॅट-प्रॉम्प्ट' हे फंक्शन आले. प्रोग्रॅमरने प्रश्न आणि डिफॉल्ट द्यायचे, मांडणी ते फंक्शन करते. वापरणाऱ्याला चौकोनी कंस आवडत असतील, तर एकाच ठिकाणी बदल करून हे फंक्शन वापरणारे सर्व प्रश्न तसे दिसतात.

एवढा काटेकोरपणा कशाला? अनेक वर्षांपूर्वी कचेरीतल्या एका प्रोग्रॅमने आम्हाला विचारले, "जुनी फाइल पुसायची?" डिफॉल्ट दाखवलेले नव्हते. आम्ही घाईत एंटर दाबले. त्याने ते 'होय' असे धरले, आणि आमचे दोन दिवसांचे काम गेले!

ईमॅक्स महत्त्वाच्या प्रश्नांना सहसा 'येस' किंवा 'नो' हा पूर्ण शब्द लिहायला लावतो. नुसते एंटर दाबले तर पुन्हा विचारतो. जे गृहीत धरले ते दाखवावे, आणि जेथे नुकसान होऊ शकते तेथे काहीच गृहीत धरू नये.

तुम्ही पुढे प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा तो दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाला स्वतः एकदा नुसते एंटर दाबून पाहा.