टेम्पोत रोज पाणी टाकावं लागतंय? मग गळती शोधा



एका गटाचा भाजीचा टेम्पो उन्हाळ्यात घाटात गरम होऊन बंद पडला. बाजार हुकला, मेथी-कोथिंबीर सुकून गेली. ड्रायव्हरदादा म्हणाले, "पाणी तर मी रोज टाकत होतो." खरी गोम इथंच होती. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कुलंट, बंद नळ्यांतून फिरत राहतं. डिझेलसारखं ते जळून संपत नाही. रोज कमी होतंय, म्हणजे कुठंतरी गळतंय.

ही तपासणी गाडी चालवता येत नसली तरी आपल्याला जमते. पण सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच करायची. वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण आपण उघडतो का? तसंच गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.

१. कुलंटच्या प्लास्टिक बाटलीवर खालची-वरची अशा दोन खुणा असतात. आजच्या पातळीवर पेनाने रेघ मारा, चार दिवसांनी पुन्हा बघा.

२. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा ठेवा. हिरवा किंवा गुलाबी डाग पडला तर कुलंट, काळा-तेलकट असेल तर ऑइल.

३. रबरी पाइप हाताने दाबून बघा. भेगा, फुगवटा, क्लिपजवळ ओल किंवा पांढरट थर दिसला तर गळती तिथंच. रेडिएटरची जाळी आणि झाकणाचं रबरही बघा.

४. बाहेर कुठंच ओल नाही, तरी पातळी उतरते? सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं? मग गळती इंजिनाच्या आत असू शकते. गाडी चालवू नका, मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या.

रस्त्यात काटा लालकडे गेला तर लगेच थांबा, इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या.

आणि हो, कुलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, लेकरं-जनावरं लांब ठेवा.

पाइप-क्लिप थोडक्या पैशांत बदलते. इंजिन उघडावं लागलं तर गटाची बचत जाते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून गटाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवा. दर आठवड्याला तारीख, पातळी आणि बघणाऱ्या ताईची सही. पुढच्या बैठकीत ते पान मला नक्की दाखवा!