भीमेच्या वाळूतील मऊ पाठीचे कासव

कासव म्हटले की दगडासारखी टणक पाठ डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या भीमेच्या खोऱ्यात मऊ पाठीचे एक मोठे कासवही आढळते. त्याच्या पाठीवर खवल्यांऐवजी कातडी असते व नाक नळीसारखे पुढे आलेले असते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे, बहुधा चार, ठिपके दिसतात. पाठीची लांबी साठ सेंटिमीटरपर्यंत वाढते. विहिरी-तळ्यांतले लहान कासव निराळे. त्याच्या पोटाकडे मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतात, याला त्या नसतात.

जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ साली पुण्याच्या नमुन्यावरून या जातीची नोंद केली व तिला डॉ. लीथ यांचे नाव दिले. पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेलाच मिळते. गोदावरी, कृष्णा, भीमा यांसारख्या दक्षिण भारतातील नद्या व जलाशय सोडले तर हे कासव जगात कोठेही नाही.

त्याला दोन गोष्टी लागतात: खोल डोह आणि काठावरची मोकळी वाळू. डोहात ते मासे, खेकडे, गोगलगायी व मेलेले प्राणी खाते. म्हणजे नदी स्वच्छ ठेवण्याचे कामच ते करते. मादी मात्र अंडी घालण्यास काठावर येते. वाळू उपसली की अंड्यांची जागाच जाते. धरणातून एकाएकी पाणी सुटले तर घरटी बुडू शकतात. जाळ्यात अडकलेले कासव श्वासासाठी वर येऊ न शकल्याने मरते. मांसासाठी होणारी शिकार वेगळीच.

आज ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे. पनामा येथे २०२२ साली भरलेल्या परिषदेत, भारताच्या प्रस्तावावरून, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पण पनामातील ठराव आपल्या गावच्या वाळूचे राखण करणार नाही. ते काम आपले आहे.

मनुष्यजन्म किती दुर्लभ, हे सांगताना भगवान बुद्धांनी समुद्रातील आंधळ्या कासवाचा दृष्टान्त दिला. शंभर वर्षांनी एकदा वर येणाऱ्या त्या कासवाची मान तरंगत्या जुवाच्या छिद्रात अडकणे जितके दुर्मिळ, तितका हा जन्म दुर्मिळ. आज भीमेतील कासवच दुर्मिळ होत चालले आहे. प्राणिहिंसा न करणे हे आपले पहिले शील. हाताने न मारणे एवढ्यावर ते पुरे होत नाही. कासव विकत घेऊ नये, शुभ म्हणून घरात पाळू नये. जाळ्यात सापडल्यास वन खात्याला कळवावे. आणि ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला की विद्यार्थ्यांनी निर्भयपणे उठून बोलावे.