केसांची हानी कशाने होते?

आपल्या मुलीची वेणी कमरेपर्यंत पोहोचली असेल, तर तिच्या टोकाचे केस सुमारे पाच वर्षांचे जुने आहेत, हे आपल्या कधी ध्यानात आले आहे काय? केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो; त्वचेबाहेरचा भाग निर्जीव असल्यामुळे झालेली इजा भरून निघत नाही.

केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. ते उचकटले की केस राठ होतो, दुभंगतो. ओला केस फुगलेला असतो व सहज तुटतो. म्हणूनच न्हाणे होताच पंचाने खसाखसा पुसून बारीक दातांच्या फणीने गुंता ओढणे, ही नित्याची घाई फार घातक! केसांचा मूळ रंग उडविणारी द्रव्ये आणि तापलेली यंत्रे यांविषयी तर बोलावयासच नको. खोबरेल तेल मात्र न्हाण्यापूर्वीच लावावे, हा आजीबाईंचा हट्ट निराधार नव्हता. त्याने धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते, असे मुंबईतील संशोधकांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. खनिज तेलाने तसे झाले नाही.

घट्ट वेणीचा अपाय निराळा. तो मुळाशी होतो. कपाळावरची केसांची रेषा मागे सरकू लागलेली दिसताच वेणी सैल घालावी. ताण वर्षानुवर्षे राहिल्यास तेथे केस पुन्हा उगवत नाहीत.