अनाथ शिंगरासाठी दूधआई घोडीचा शोध : शास्त्र आणि व्यवहार

प्रस्तावना

घोडीचा गर्भकाळ साधारणतः ३४० दिवसांचा असून एका खेपेस तिला बहुधा एकच शिंगरू होते. अकरा महिन्यांच्या या प्रतीक्षेनंतर विताना किंवा विल्यानंतर रक्तस्राव, आतड्याला पडलेला पीळ अथवा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग यांमुळे घोडी दगावली, तर मागे राहिलेल्या नवजात शिंगराचे जगणे पुढील काही तासांतील निर्णयांवर अवलंबून राहते. घोडी जिवंत असूनही तिला पान्हा न फुटणे किंवा पहिलटकरणीने शिंगराला लाथाडणे, या प्रसंगीही स्थिती तीच असते. अशा शिंगरासाठी दुसरी दुभती घोडी शोधणे आणि तिच्याकडून त्याचा स्वीकार घडवून आणणे या दोन निरनिराळ्या समस्या आहेत. पहिली ओळखीपाळखीने आणि वेगाने सुटते. दुसरीसाठी घोडीच्या शरीरव्यापाराचे ज्ञान आणि पुष्कळ संयम लागतो. प्रस्तुत लेखात या दोन्हींचा विचार केला आहे.

पहिले चोवीस तास : चिकाचा प्रश्न

दूधआईच्या शोधाआधी चिकाची सोय करावी लागते. मानवी मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. घोडीच्या वारेची रचना वेगळी असल्याने ती पोहोचत नाहीत आणि शिंगरू जवळजवळ प्रतिपिंडरहित जन्मते. त्याचे सारे संरक्षण चिकातून येते. ही मोठी प्रथिने शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर झपाट्याने घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. पहिल्या सहा ते आठ तासांत दिलेला चीक सर्वांत उपयोगी ठरतो. ४५ ते ५० किलो वजनाच्या शिंगराला एकूण एक ते दोन लिटर चांगला चीक, थोडाथोडा करून, मिळावा लागतो.

घोडी नुकतीच मेली असेल तर तिच्याच कासेतील चीक त्वरित पिळून घेणे हा पहिला उपाय होय. धावपळीत तो अनेकदा विसरला जातो. मोठ्या पागांमध्ये भरपूर चीक असणाऱ्या घोड्यांकडून, त्यांच्या शिंगरांचे पोट भरल्यावर, पाव लिटरच्या आसपास चीक काढून उणे २० अंश तापमानाला गोठवून ठेवतात. तो सुमारे वर्षभर टिकतो. मात्र वितळवताना कोमट पाणीच वापरावे लागते. उकळत्या पाण्याने प्रतिपिंडे नष्ट होतात. ज्या घोडीच्या आधीच्या शिंगराला जन्मानंतर कावीळ झाली होती, तिचा चीक दुसऱ्यास देऊ नये, कारण त्यात शिंगराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करणारी प्रतिपिंडे असू शकतात. खेचराच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

चोवीस तासांच्या सुमारास रक्ततपासणी करून प्रतिपिंडांचे प्रमाण पाहतात. ते दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास पुरेसे मानले जाते. ४०० च्या खाली गेल्यास तोंडावाटे काही देऊन उपयोग नसतो. शिरेतून रक्तद्रव द्यावा लागतो.

तात्पुरते दूध

दूधआई मिळेपर्यंत शिंगराला उपाशी ठेवता येत नाही. नैसर्गिक स्थितीत पहिल्या आठवड्यात ते तासाला अनेकदा कासेला लागते आणि प्रत्येक वेळी थोडेच पिते. घरात म्हशीचे दूध आहे, ते पाजावे, हा खेड्यातील स्वाभाविक विचार येथे घातक ठरतो. घोडीचे दूध पातळ व गोड असते. त्यात स्निग्धांश दीड ते दोन टक्के आणि दुग्धशर्करा सहा टक्क्यांहून अधिक असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांशच सात टक्क्यांच्या आसपास असतो. गाईचे, दोन टक्के स्निग्धांश राहील इतकी साय काढलेले दूध, लिटरमागे सुमारे २० ग्रॅम ग्लुकोज मिसळून देणे हा प्रचलित पर्याय आहे. साधी साखर मात्र घालू नये. ती पचविणारे विकर नवजात शिंगराच्या आतड्यात पुरेसे नसते आणि हगवण लागते. शेळीचे दूधही शिंगरांना मानवते. काही ठिकाणी उंच ओट्यावर शेळी उभी करून शिंगरू थेट तिच्या आचळाला लावतात.

पाजण्याच्या पद्धतीचाही पुढील योजनेशी संबंध आहे. बादलीतून पिण्यास शिकलेले शिंगरू माणसाचे श्रम वाचवते, परंतु त्याला पुन्हा आचळाची सवय लावणे कठीण जाते. दूधआई मिळण्याची आशा असेल तोवर बाटलीच वापरणे श्रेयस्कर. बाटली धरताना शिंगराची मान वर ताणली जाऊ नये, अन्यथा दूध फुप्फुसात जाते.

दूधआई कोठे मिळते ?

जिचे शिंगरू नुकतेच दगावले आहे, ती घोडी सर्वांत योग्य. पण येथे काळ फार थोडा असतो. कास रिकामी केली नाही तर काही दिवसांतच दूध आटते. म्हणून शिंगरू गमावलेल्या मालकाने घोडीचे दूध काही तासांच्या अंतराने काढत राहणे आणि मेलेले शिंगरू लगेच न पुरणे, या दोन गोष्टी दुसऱ्याच्या शिंगराचा जीव वाचवू शकतात. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यात जोहाना वार्डन यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेली ‘नॅशनल फोलिंग बँक’ याच तत्त्वावर उभी राहिली. एका बाजूला अनाथ शिंगराचा मालक, दुसऱ्या बाजूला शिंगरू गमावलेला मालक आणि मध्ये एक दूरध्वनी, असे तिचे स्वरूप होते.

महाराष्ट्रात पुण्याच्या परिसरातील शर्यतीच्या घोड्यांच्या पागांना हा शोध त्यामानाने सोपा जातो, कारण एकाच हंगामात अनेक घोड्या वितात. सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून एखादी घोडी विकत आणलेल्या शेतकऱ्याची स्थिती वेगळी असते. त्याच्या पंचक्रोशीत दुसरी दुभती घोडी असेलच असे नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील घोडे व तट्टे सुमारे ३ लाख ४० हजार होती, म्हणजे २०१२ च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी. घोडी विरळ झाली की दूधआई त्याहून विरळ होते, हे ओघानेच आले.

घाईतही आरोग्यतपासणी टाळता येत नाही. २००६ मध्ये पुणे व पाचगणी येथे ग्लँडर्सचा उद्रेक झाला होता. माणसालाही होणारा हा रोग आहे आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते. परगावची घोडी पागेत आणण्यापूर्वी तिची रक्ततपासणी पशुवैद्याकडून करून घेणे हे शिंगराइतकेच मोतद्दाराच्याही हिताचे आहे.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा. पूर्वी विलेली, पण सध्या भाकड असलेली घोडी औषधयोजनेने दुभती करता येते. इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरकाबरोबर डॉमपेरिडोन किंवा सल्पिराइड दिल्यास प्रोलॅक्टिन वाढते आणि एक ते दोन आठवड्यांत दूध येऊ लागते. फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगांतून २००० नंतर ही पद्धत रूढ झाली. तोपर्यंत शिंगरू बाटलीवर ठेवावे लागते.

स्वीकार कसा घडतो ?

घोडी आपले शिंगरू मुख्यतः वासाने ओळखते. विल्यानंतर ओले शिंगरू चाटताना हा वास तिच्या मनात पक्का होतो आणि मग तिला दुसरे शिंगरू परके वाटते. माणसाच्या जगात दूधआईला समजावता येते. कापूरहोळच्या धाराऊने बाळ संभाजीराजांना पाजले, ते जाणूनबुजून. घोडीच्या बाबतीत मात्र एकतर तिच्या नाकाला चकवावे लागते, नाहीतर तिच्या शरीराला पुन्हा विल्याची जाणीव द्यावी लागते.

पहिल्या प्रकारात मेलेल्या शिंगराचे कातडे अनाथ शिंगराच्या पाठीवर बांधतात, किंवा वार, घोडीचे दूध वा लीद त्याच्या अंगाला चोळतात. रेडकू मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवणाऱ्या गवळ्याला ही युक्ती नवी नाही. घोडीच्या नाकपुड्यांना उग्र वासाचा मलम लावणे हाही तसाच उपाय. दुसऱ्या प्रकारात पशुवैद्य योनिमार्ग व गर्भाशयमुख यांना काही मिनिटे हाताने चेतना देतो. प्रसूतीच्या वेळी निर्माण होणारे ऑक्सिटोसिन त्यामुळे स्रवते, आणि त्याच क्षणी शिंगरू नाकासमोर ठेवल्यास घोडी त्याला चाटू लागते. प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शनही वापरले जाते. त्याने घाम व पोटदुखी होते आणि गाभण घोडीचा गर्भपात होतो, म्हणून ते पशुवैद्याविना देऊ नये.

प्रत्यक्ष भेट घडविताना शिंगरू भुकेले आणि घोडीची कास भरलेली असावी. घोडीला एक जाणता माणूस धरतो, दुसरा शिंगराला तिच्या खांद्याकडून हळूहळू कासेकडे नेतो. समोर आवडता चारा ठेवावा. गरज पडल्यास सौम्य गुंगीचे औषध द्यावे, पण मारहाण कदापि करू नये. तिच्या मनात शिंगरू आणि वेदना यांची सांगड बसली की सारे श्रम वाया जातात. कान मागे पाडणे आणि दात दाखविणे हे धोक्याचे इशारे होत. दोघांमध्ये आडवा दांडा घालून शिंगराला खालून निसटण्याची वाट ठेवल्यास रात्र निर्धास्त जाते. काही घोड्या तासाभरात मानतात, बहुतेकांना अर्धा दिवस ते तीन दिवस लागतात. शिंगरू दूर नेताच घोडीने हळुवार खिंकाळणे, आणि माणूस जवळ येताच तिने त्याच्या व शिंगराच्या मध्ये उभे राहणे, ही स्वीकाराची खरी लक्षणे. ती दिसेपर्यंत दोघांना एकटे सोडू नये.

एक नैतिक गुंता

शर्यतीच्या जातिवंत घोड्यांच्या पैदाशीत कृत्रिम रेतन मान्य नाही. घोडीला विल्यानंतर लवकरच वळूकडे पाठवावे लागते. तिचे मौल्यवान शिंगरू प्रवासात न्यायचे नसेल तर त्याला दूधआई लावतात. अमेरिकेत यासाठी दुभत्या घोड्या भाड्याने देण्याचा व्यवसाय वाढला. त्या घोड्यांना दूध यावे म्हणून त्यांना दरवर्षी गाभण ठेवतात आणि त्यांची स्वतःची शिंगरे काही दिवसांतच दूर करतात. एका शिंगराचे अनाथपण टाळण्यासाठी दुसरे अनाथ केले जाते, आणि त्या दुसऱ्याची बाजारात किंमत नसते. भाकड घोडीला संप्रेरकांनी दुभती करण्याची पद्धत खर्चिक वाटली, तरी या दृष्टीने ती अधिक स्वच्छ आहे.

दूधआई मिळालीच नाही, तर शिंगरू बाटलीवर वाढते, परंतु केवळ माणसांत वाढलेले शिंगरू पुढे घोड्यांशी घोड्यासारखे वागत नाही आणि माणसाशी खेळताना चावते, लाथ मारते. वजन वाढल्यावर तोच लाडिक खेळ धोकादायक होतो. अशा शिंगराजवळ एखादी शांत, वयस्क घोडी किंवा शिंगरांत रुळलेला खच्ची घोडा सोडावा. दूध ती देणार नाही. पण कोणाच्या किती जवळ जावे, हे त्याला तिच्याकडूनच कळेल.