रूळ ट्रामला धरून ठेवत नाहीत

ट्राम रुळांवर चालते, त्यामुळे वळणावर उलटली तर बस उलटेल, ट्राम नाही, असं अनेकांना वाटतं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला ९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे हा समज सात प्रवाशांच्या जिवावर बेतला. सँडिलँड्सच्या वळणावर ताशी २० किलोमीटरची मर्यादा होती. ट्राम ७३ च्या वेगाने वळणात शिरली आणि आडवी झाली.

चाकाच्या आतल्या बाजूला जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरची कड असते. ती चाकाला दिशा देते, एवढंच तिचं काम. चाक वर उचललं जाऊ लागलं की त्याला खाली धरून ठेवणारं रुळात काहीच नसतं.

जड वाहन उलटत नाही, हेही खरं नाही. वजन वाढलं की बाहेर ढकलणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. गुरुत्वमध्य किती उंचावर, चाकांत अंतर किती, वळण किती तीव्र, यावर सगळं ठरतं. आणि वेगावर, तोही वर्गाच्या पटीत. सँडिलँड्सला वेग मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त होता, म्हणून जोर तेरा पट झाला. चौकशीत निघालं, की ताशी ४९ च्या सुमारासच ती ट्राम कलंडली असती.

मग बस? ब्रिटनमध्ये दुमजली बसच्या फक्त वरच्या मजल्यावर वजन ठेवून तिला २८ अंशांपर्यंत तिरकी करतात. तिने उलटता कामा नये. या परीक्षेत काठावर पास झालेली बस तीसेक मीटर त्रिज्येच्या त्याच वळणावर, साध्या गणिताने, ताशी ४५ च्या आसपास उलटेल. म्हणजे दोघींत फरक थोडकाच.

मोठा फरक ब्रेकमध्ये आहे. पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड कमी. नेहमीच्या ब्रेकने ८० वरून २० वर यायला ट्रामला सुमारे १८० मीटर लागतात, आणि मर्यादेची पाटी त्याहून खूप जवळ आल्यावरच वाचता येत होती. चालकाचं भान हरपलं, कदाचित डुलकी लागली, आणि ब्रेक लावायची जागा निघून गेली.

आता क्रॉयडनच्या धोक्याच्या वळणांआधी वेग जास्त असला तर ट्रामला आपोआप ब्रेक लागतो. ब्रिटनच्या रेल्वेमार्गांवर अशी सोय त्याआधी कित्येक वर्षं होती. ट्रामच्या प्रवाशांना ती मिळायला सात मृत्यू व्हावे लागले, हे मला अक्षम्य वाटतं.