रेंज फुल, तरी नेट का चालत नाही?

मागच्या वर्षीची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. रात्री साडेनऊला माझी एक विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन घरी आली. "सर, रेंज फुल आहे, पण फोटो अपलोडच होत नाही." मी माझ्या फोनवरून करून पाहिलं. तेच. चक्र नुसतं गोल गोल फिरत राहिलं. बारा वाजले आणि फॉर्म बंद झाला. अब्बा यंत्रमागावर काम करतात. ते एवढंच म्हणाले, "सर, रिचार्ज तर परवाच मारला होता."

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी हा विषय समजून घेतला. जे समजलं ते इथे साध्या भाषेत मांडतो. मालेगाव असो, भिवंडी असो की मुंब्रा, दाट वस्तीत राहणाऱ्यांना संध्याकाळी हाच अनुभव येतो.

रेंज वेगळी, गर्दी वेगळी

फोनवरच्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती स्पष्ट येतोय. टॉवरवर किती गर्दी आहे, हे त्या सांगत नाहीत. मोहल्ल्यातला सार्वजनिक नळ आठवा. नळ अगदी दारासमोर असला तरी पुढे पन्नास हंडे लागले असतील तर आपला हंडा लवकर भरत नाही.

टॉवर साधारण तीन दिशांना तोंड करून असतो. एका दिशेचे सगळे फोन एकच नळ वाटून घेतात. 4जीच्या 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून कागदावर सेकंदाला 150 मेगाबिट मिळू शकतात, प्रत्यक्षात बरेच कमी. समजा 60 मिळाले. फुल एचडी व्हिडिओला साधारण 5 लागतात. म्हणजे बारा जण व्हिडिओ पाहायला बसले की नळ संपला. आमच्या गल्ल्यांत तर एका दिशेला शेकडो फोन असतात. हाच व्हिडिओ 480पी वर पाहिला तर साधारण 1 मेगाबिट पुरतो. त्याच नळावर बाराऐवजी साठ जणांचं भागतं.

आणखी एक गोष्ट मला वर्गामुळे पटकन समजली. शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येत नसेल तर मला प्रत्येक वाक्य हळू आणि पुन्हा सांगावं लागतं. त्यात सगळ्या वर्गाचा तास जातो. टॉवरचंही तसंच. जाड भिंतींच्या आतल्या किंवा लांबच्या फोनशी तो हळू बोलतो. तेवढाच डेटा पोहोचवायला जास्त वेळ लागतो आणि तो वेळ इतरांच्या वाट्यातून जातो.

गर्दी वाढली कशी?

2016 नंतर डेटा एकदम स्वस्त झाला. त्याआधी लोक एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचे. आता ट्रायच्या आकडेवारीनुसार देशात माणशी सरासरी वापर महिन्याला 20 जीबीच्या वर गेला आहे. यात सर्वात मोठा वाटा व्हिडिओचा. आणि सगळे एकाच वेळी पाहतात: कामावरून आल्यावर, जेवणानंतर, चांदरातीला.

कंपन्या काय करू शकतात?

पहिला उपाय म्हणजे जास्त स्पेक्ट्रम, म्हणजे नळाची पाइप रुंद करणं. 1 ऑक्टोबर 2022 पासून देशात 5जी सुरू झालं. त्यात 3300 मेगाहर्ट्झच्या आसपास 100 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरता येतो. शिवाय नवे अँटेना टॉर्चच्या झोतासारखा सिग्नल ज्याच्या त्याच्या दिशेने पाठवतात. पण या लहरी भिंतींतून कमी शिरतात आणि लांब जात नाहीत.

म्हणून दुसरा उपाय लागतो: जवळ जवळ, छोटे आणि जास्त टॉवर. एका नळाऐवजी चार नळ लावले की रांग आपोआप तुटते. हजच्या दिवसांत मिनामध्ये किंवा कुंभमेळ्यात गाड्यांवर तात्पुरते टॉवर उभे करतात, ते याचसाठी.

इथे आपल्याच लोकांशी थोडं स्पष्ट बोलतो. नेट चालत नाही म्हणून आपण ओरडतो आणि टॉवर बसवायला आले की आजाराच्या भीतीने विरोध करतो. भीती समजू शकतो. पण 2012 पासून भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. आणि टॉवर लांब असला की आपला फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो. तो फोन आपल्या कानाशी असतो. इमारत मजबूत आहे का, परवानगी घेतली आहे का, हे जरूर विचारा. पण नुसत्या अफवेवर टॉवर अडवू नका.

तिसरा उपाय फायबरचा. टॉवरपर्यंत फायबर नसेल तर वरचा नळ कितीही मोठा लावा, टाकीतच पाणी कमी येणार. घरात फायबर आणि वायफाय आलं तर तेवढे फोन टॉवरच्या रांगेतून बाहेर पडतात.

आपल्या हातात काय आहे?

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी भारतात मोबाइल नेटवर्कवरची क्वालिटी काही काळ 480पी पर्यंत खाली आणली होती. नेटवर्कवरचा भार कमी करायला हा साधा मार्ग निवडला गेला. तो आपल्यालाही जमतो. छोट्या स्क्रीनवर 480पी पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोड बंद करा. अ‍ॅप अपडेट वायफायवर किंवा पहाटे होऊ द्या. मुलांचे धडे सकाळीच डाउनलोड करून ठेवा. तक्रार असेल तर कंपनीकडे नोंदवून नंबर घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

पण सगळं ओझं लोकांवरच टाकणं बरोबर नाही. त्या मुलीने आळस केला नव्हता. उत्पन्नाचा दाखला हातात आला त्याच दुपारी. ज्यांचा हक्क फक्त ऑनलाइन फॉर्मवर अवलंबून ठेवला आहे, त्यांच्यासाठी शेवटच्या दिवशी कागदावर फॉर्म घ्यायची सोय हवी. निदान एक-दोन दिवसांची सवलत तरी हवी. ही मागणी शाळांनी आणि पालकांनी मिळून करायला पाहिजे.

यंदा आम्ही वर्गात नियम केला. दाखल्यांचं काम सुट्टीतच सुरू करायचं आणि फॉर्म पहाटे भरायचा. त्या मुलीने यंदाचा फॉर्म फजरनंतर भरला. त्याच गल्लीत, त्याच फोनवर, त्याच रिचार्जवर फोटो एका मिनिटात गेला. रेंज मागच्या वर्षीइतकीच होती. फक्त नळावर रांग नव्हती.