अवघड मैदानाचा हिशेब

गोल्फ हा खेळ आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी खेळलेला असेल. चेंबूरची किंवा पुण्याची ती विस्तीर्ण हिरवळ बहुतेकांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलेली असते, आणि हा खेळ सर्वांना परवडला पाहिजे असा आग्रह धरण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तथापि या सधन मंडळींच्या खेळाला एक गोष्ट साधली आहे, जी आपल्या क्रिकेटला, आणि खरे पाहता आपल्या परीक्षांनाही, अद्याप साधलेली नाही. गोल्फमध्ये खेळाडूची कामगिरी मोजताना ती ज्या मैदानावर झाली त्या मैदानाचे काठिण्यही मोजले जाते.

या खेळात कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात घालणारा श्रेष्ठ ठरतो. प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. निष्णात खेळाडूला तेथे साधारणतः किती टोले लागतील, हे पहिला आकडा सांगतो. सामान्य खेळाडूला ते मैदान त्या मानाने किती जड जाईल, हे दुसरा. हा दुसरा आकडा 55 पासून 155 पर्यंत असतो आणि 113 ही मध्यम काठिण्याची खूण मानतात. समजा, एकाने पहिला आकडा 69 व दुसरा 105 असलेल्या सोप्या मैदानावर 88 टोले घेतले, आणि दुसऱ्याने 73 व 135 आकड्यांच्या अवघड मैदानावर 90 घेतले. नुसते टोले मोजले तर पहिला पुढे आहे. परंतु मैदानाचा आकडा वजा करून उरलेल्या टोल्यांना 113 ने गुणून काठिण्याच्या आकड्याने भागले, की पहिल्याच्या खात्यावर सुमारे 20.4 आणि दुसऱ्याच्या खात्यावर 14.2 पडतात. अर्थात दुसऱ्याचा खेळ सरस. त्रैराशिक जाणणाऱ्या कोणालाही समजावे इतके हे गणित साधे आहे.

या हिशेबाचा परिणाम अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. अवघड मैदानावर गेल्याने खेळाडूच्या पतीला धक्का बसत नाही, म्हणून तो तेथे जाण्यास कचरत नाही. आणि गेला म्हणजे शिकतो. ऐसपैस मैदानावर वाकडा गेलेला टोलाही खपून जातो. टोला वाकडा होता हेच पुष्कळदा ध्यानात येत नाही. वाटेत वाळूचा खड्डा, बाजूला पाणी आणि मधला पट्टा चिंचोळा असला, की त्याच टोल्याची किंमत जागच्या जागी चुकवावी लागते. मग माणूस केवळ जोर लावण्याचे सोडून पुढचा टोला कोठून मारणे सोयीचे होईल याचा विचार करू लागतो. हात तेच राहतात, निवड बदलते.

हे तत्त्व आपल्याकडे कोणी पुस्तकातून आणले नाही; ते मुंबईच्या पावसाने शिकविले. डॉ. होरमसजी कांगा या पारशी क्रिकेटपटूच्या स्मरणार्थ 1948 साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी उघडी आणि ओली, चेंडू कधी थबकणारा, कधी एकाएकी छातीपर्यंत उसळणारा. मैदानावर गवत इतके माजलेले की, जमिनीलगत मारलेला सुरेख फटका पाचपंचवीस पावलांवर अडकून पडतो. तेथे फलंदाजाला चेंडू अगदी उशिरा, डोळ्यांखाली येऊ देऊन खेळावा लागतो, कोणता चेंडू सोडावा हे शिकावे लागते, आणि धावा हव्याच असतील तर क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारण्याचे धाडस करावे लागते. गोलंदाजाला साबणाच्या वडीसारखा हातातून निसटणारा चेंडू आवरून टप्पा राखावा लागतो. अशा मैदानांवर वाढलेल्या मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा रणजी करंडक जिंकला. सगळे श्रेय पावसाला देणे भाबडेपणाचे ठरेल. बँका व कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत होत्या, आणि महिन्याचा पगार निश्चित असल्यावाचून चिखलात उभे राहण्याची हौस फार दिवस टिकत नाही. तरीही ज्या संघाचे खेळाडू दरवर्षी जुलैत 60-70 धावांसाठी झगडत, त्यांना डिसेंबरातील कोरडी खेळपट्टी मऊ वाटली असेल तर नवल नाही.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. कांगा लीगमध्ये ‘ए’पासून ‘जी’पर्यंत श्रेण्या आहेत. पोरसवदा क्लबला पहिल्याच वर्षी कसोटीवीरांपुढे उभे करीत नाहीत. नवशिक्या गोल्फपटूला सर्वांत अवघड मैदानावर सोडले, तर तो दिवसभर झुडपांत चेंडू शोधील आणि संध्याकाळी खेळाचा नाद सोडील. काठिण्य आपल्या आवाक्याच्या एखादी पायरी वर असावे, चार पायऱ्या नव्हे.

आता क्रिकेटच्या हिशेबाकडे पाहू. मार्च 1987 मध्ये बंगलोर येथे पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकर आपला अखेरचा कसोटी सामना खेळले. चेंडू हातभर वळत होता. पाकिस्तानचा पहिला डाव 116 धावांत आटोपला होता. त्यांपैकी 7 बळी मणिंदरसिंग यांनी 27 धावांत घेतले होते. 221 धावांचा पाठलाग करताना भारत 204 वर संपला, 16 धावांनी हरला. त्या 204 मध्ये गावसकरांच्या 96 होत्या. जाणकार या खेळीला त्यांच्या सर्वोत्तम खेळींत गणतात. परंतु विक्रमांच्या वहीत त्यांची शतके 34 आहेत आणि त्यांत हा डाव नाही. निर्जीव खेळपट्टीवर काढलेल्या शंभर धावा तेथे शतक म्हणून नोंदल्या जातात, या 96 नोंदल्या जात नाहीत. धावा मोजायच्या, मैदान मोजायचे नाही, असा हा रिवाज आहे. मग तरुण खेळाडूने सोपी खेळपट्टी शोधली तर दोष त्याचा नव्हे. निवड धावांवर होते हे त्याला ठाऊक आहे.

वर्गातही मला दरवर्षी हेच दिसते. दहावीनंतर गणित सोडून आलेला मुलगा अर्थशास्त्र घेतो, आणि संख्याशास्त्राचा पेपर समोर आला की गडबडतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्याने चोख हिशेब केलेला असतो. प्रवेश टक्क्यांवर, टक्के विषयावर. तेव्हा ज्या विषयात गुण हमखास पडतात तो घ्यावा. ‘अपेक्षित प्रश्नां’चे संच विकणारा, ठरावीक टिपणे उतरवून देणारा शिक्षक आणि ती पाठ करणारा विद्यार्थी हे तिघेही आपापल्या परीने शहाणेच वागत असतात. साठ टक्के अवघड विषयातले आणि ऐंशी टक्के सोप्या विषयातले यांची सांगड घालणारा आकडा आपल्या गुणपत्रिकेवर नाही, तोवर निव्वळ उपदेशाने कोणी अवघड वाटेला जाणार नाही.

पालघरच्या बाबतीत मात्र याच युक्तिवादाचा एक विपर्यास होतो, आणि तो अधिक घातक आहे. आमच्याकडील शार्दुल ठाकूरचे नाव निघाले, की लोक लगेच त्याच्या लोकलच्या प्रवासाचे गोडवे गातात. पहाटे उठून किट पाठीवर घेऊन सुमारे 90 किलोमीटर मुंबई गाठायची, म्हणून तो घडला, असे त्यांचे म्हणणे. हे अर्धेच खरे आहे. त्याचा खेळ पाहून प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्याच्यापुढचे सामने अवघड झाले. प्रवास सोपा झाला. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला भारताची 6 बाद 186 अशी अवस्था असताना त्याने काढलेल्या 67 धावांमागे शालेय क्रिकेटमधली चुरस आहे, विरारला डब्यात शिरण्याची चुरस नव्हे. मैदानातले काठिण्य आणि मैदानापर्यंत पोचण्याचे हाल यांची गल्लत करून ‘गैरसोयीतच गुण वाढतात’ असे जे सांगतात, त्यांना बहुधा मैदानासाठी पैसे मंजूर करावयाचे नसतात.

शिरगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी मुले खेळतात. पाण्यालगतची वाळू घट्ट, तेथे चेंडू सरपटत येतो. सुरूच्या झाडांकडे ती भुसभुशीत, तेथे पडल्या जागी मरतो. दोन्हीकडे खेळणाऱ्या पोराची नजर आणि पाय उत्तम तयार होतात, हे खरे. परंतु लेदरचा चेंडू, मातीची खेळपट्टी आणि आपल्यापेक्षा वरचढ प्रतिस्पर्धी त्याला वाळूवर मिळत नाहीत, आणि भरती आली की डाव मोडतो.

तेव्हा मागणी दोनच गोष्टींची आहे. तालुक्यातील शाळांना दर मोसमात वसई-बोरिवलीकडच्या बलवान संघांशी चार-पाच सामने मिळावेत, आणि त्यांचा गाडीखर्च मुलांच्या खिशातून जाऊ नये. दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. धावपुस्तिकेच्या माथ्यावर तारीख, नाणेफेक, पंच यांच्या जागा असतात. तेथेच आणखी एक ओळ आखून पंचांनी खेळपट्टी कशी होती आणि समोरचा संघ कोणत्या तोडीचा होता हे दोन शब्दांत लिहावे, आणि जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्यांनी धावांच्या रकान्याआधी ती ओळ वाचावी.